याडीची तेरवी आणि दुसरी आवृत्ती

खेळात मेलेल्या पात्राची तेरवी करू नये, असं नियमांच्या पहिल्या आवृत्तीत कुठंही लिहिलेलं नाही. दुसरीतही नाही. मी दोन्ही आवृत्त्या लाल पेन हातात घेऊन ओळीला ओळ लावून वाचल्या आहेत, त्यामुळे हे खात्रीनं सांगू शकतो. आम्ही तशी तेरवी केली. घाटंजीत, एका कृषी केंद्राच्या मागच्या खोलीत, सोयाबीन बियाण्याची पोती भिंतीला सरकवून. आणि मग दोन आठवड्यांनी कळलं की ज्या बाईची तेरवी आम्ही जेवलो, ती मेलीच नव्हती. कळलं म्हणजे बाकीच्यांना. मला आधीपासून माहीत होतं.

खेळ कसला ते आधी सांगतो, कारण गावात आमच्याबद्दल जुगारापासून करणीपर्यंत सगळं बोलून झालेलं आहे. चार माणसं बसतात. एक जण सूत्रधार असतो, म्हणजे मी. सूत्रधार सांगतो, तुम्ही एका नदीपाशी आलात, पूल आहे, पुलावर पहारेकरी आहे. बाकीच्यांचं प्रत्येकी एक पात्र असतं. आपलं पात्र काय करतं ते प्रत्येक जण सांगतो, आणि ते जमलं की फसलं हे फासे ठरवतात. पट नाही, सोंगट्या नाहीत, जिंकणं-हरणंही नाही. जिंकायचं नसतं हे कळल्यावर गावातले दोन जण पहिल्याच रविवारी उठून गेले. उरलो ते आम्ही चौघं.

नियमांचं पुस्तक माझ्या पुण्याच्या आतेभावानं तीन वर्षांपूर्वी दिवाळीत आणलं आणि विसरून गेला. मी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो. पुस्तकाच्या शेवटी न असलेल्या देशाचा नकाशा होता, त्यात नद्या डोंगरावर चढत होत्या. मला राग आला म्हणून मी ते वाचायला घेतलं, आणि रागारागात सगळं पुस्तक वाचून झालं. मग दोनशे पानी वहीत त्याचं मराठी केलं, नद्या सरळ केल्या, आणि चार झेरॉक्स काढल्या. तीच आमची पहिली आवृत्ती.

कृषी केंद्राचा मालक खेळात तलवारवाला. घरची शेती कपाशी-तुरीची, दुकान बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं, स्वभाव घाईचा. माझी बायको पंचायत समितीत लिपिक आहे. तिचं पात्र चोर. पण सोळा वर्षं शासन निर्णय हाताळल्यामुळे तिचा चोर कुलपाला हात लावण्याआधी विचारतो की कोणत्या नियमानं लावू. आणि चौथा पट्टीबंधक. जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली जखमा धुणारा, पट्ट्या बांधणारा, उधळलेला बैल धरून ठेवणारा जो माणूस असतो, त्याला पट्टीबंधक म्हणतात. आर्णीच्या रस्त्याला त्याचा तांडा. अंगानं दांडगा, मिश्या जाड, आणि बोलणं जवळजवळ नाही. मला सर म्हणायचा, आणि सर म्हटल्यावर त्याचं वाक्य बहुधा संपलेलं असायचं.

त्यानं पात्र निवडलं ते सत्तर वर्षांच्या म्हातारीचं. अकरा बैलांवर मीठ लादून गावोगाव फिरणारी बाई. त्याच्या लोकांचा तो जुना धंदा. नाव वगैरे नाही, नुसती याडी. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. पुस्तकात योद्धे, जादूगार, शिकारी असे सात प्रकार दिलेले होते, त्यात मीठवाली म्हातारी नव्हती. मी म्हटलं, चालेल. हीच माझी पहिली चूक.

कारण याडी बोलायची. तिच्या तोंडानं पट्टीबंधक तीन-तीन तास बोलायचा, आणि तेव्हा मी सर नसायचो, मला अरे-तुरे व्हायचं. समोर कोणीही येवो, ती आधी त्याचं गाव विचारायची. मग तांडा कोणता, बाप कोणाचा, आईचं माहेर कुठलं. तांड्यात परक्या माणसाला आधी हे विचारतात, त्याशिवाय पाणीही देत नाहीत, असं पट्टीबंधकानं एकदा चार शब्दांत सांगितलं होतं. ठीक आहे. पण हे राक्षसालाही विचारायचं? मी चार रात्री खपून आग ओकणारा अजगर तयार केला, तर ही त्याला म्हणाली, पोरा, तुझं आजोळ कुठलं. मी वैतागून केळापूरकडचं सांगितलं. तर तिची तिकडं सोयरीक निघाली. अजगराला दोन पायल्या मीठ दिलं आणि लढाई संपली. तीन वर्षांत मी नऊ लढाया मांडल्या, त्यातल्या सात अशा सोयरिकीत गेल्या. तलवारवाल्याची तलवार म्यानात गंजली. मला ती म्हातारी नकोशी झाली होती, हे मी इथं साफ लिहून टाकतो.

अशातच आतेभावानं फोनवर एक फाइल पाठवली. नियमांची दुसरी आवृत्ती. मी आठ दिवस ती लाल पेनानं तपासली. फरक म्हणावे तर बारीक होते. पहिलीत होतं, बंद दार उघडत नाही. दुसरीत, बंद दार सहसा उघडत नाही. सहसा हा शब्द पोरं पेपरात घालतात तेव्हा मी अर्धा गुण कापतो, इथं छापील पुस्तकात घातला होता. पहिलीत होतं, घोड्याला स्वतःची पाळी नसते. दुसरीत ते वाक्यच गायब. म्हणजे घोड्याला पाळी असते, की घोड्याचा विषयच संपला? पहिलीत अंधारात काही दिसत नाही असं होतं, दुसरीत अंधारात काय दिसतं ते सूत्रधारानं ठरवावं. सगळी कटकट माझ्या गळ्यात. आणि चौतिसाव्या पानावर ते वाक्य होतं.

पहिल्या आवृत्तीत, माझ्याच अक्षरात: शक्ती शून्य झाली की पात्र मेलं.

दुसऱ्या आवृत्तीत: शक्ती शून्य झाली की पात्र खाली पडतं. तीन पाळ्यांच्या आत कुणी त्याचा हात धरला तर ते उठतं.

मी ते दोनदा वाचलं. मग फोन खिशात घातला आणि कोणाला काही बोललो नाही. स्वतःला सांगितलं की दोनशे पानं पुन्हा लिहून काढायला उन्हाळ्याची सुट्टी लागेल, तोवर जुनंच चालू द्यावं. हे कारण खोटं नव्हतं, फक्त अर्धं होतं.

त्या रविवारी पूल आला. पुलावर राक्षस पहारेकरी. मी त्याला मुद्दाम ठार बहिरा केला होता. याडीनं गाव विचारलं, त्याला ऐकू आलं नाही. तिनं तांडा विचारला. मी म्हटलं, त्यानं गदा उचलली. तिनं हातवारे करून त्याच्या आईचं विचारायला सुरुवात केली, तोवर मी फासे टाकले होते. फाशांनीही त्या दिवशी माझीच बाजू घेतली. याडीची शक्ती शून्य झाली. बायकोचा चोर तिच्या शेजारीच उभा होता, एक हात अंतरावर. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी वही उघडली, ओळीवर बोट ठेवलं आणि वर्गात वाचतात तसं मोठ्यानं वाचलं.

पट्टीबंधकानं फासे खाली ठेवले. बरं, सर, म्हणाला. चपला घातल्या आणि गेला.

पुढच्या रविवारी तो आला नाही. फोन केला तर ढोरांना लस टोचणं सुरू आहे म्हणाला. कृषी केंद्रवाला हसत म्हणाला की तेरवी केल्याशिवाय तो काही यायचा नाही. निव्वळ थट्टा होती. पण आमच्याकडे तेरवी हा शब्द एकदा तोंडातून निघाला की पुढं वांगी आपोआप येतात. तेरावा दिवस शुक्रवार येत होता. दुकानदारानं ओळखीच्या आचाऱ्याला सांगितलं. कोण वारलं असं आचाऱ्यानं विचारलं, तर आमच्यातल्याच एक बाई म्हणून सांगितलं. आलू-वांग्याची भाजी, वरण-भात, पुऱ्या, बुंदी. खुर्चीवर याडीचा कागद, म्हणजे ज्यावर तिची शक्ती, बैल आणि मिठाचा हिशेब लिहिलेला असायचा तो, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवला आणि त्याला झेंडूचा हार. दुकानदार स्वतःच्या कल्पनेवर बेहद्द खूश होता.

पट्टीबंधक आला तो मिश्या काढून.

त्याचा वरचा ओठ मी पहिल्यांदाच पाहिला. दुकानदाराचं हसू जागच्या जागी थांबलं. त्याला तो हार काढायचा होता, हात अर्ध्यात गेला, पण पट्टीबंधक तोवर खुर्चीसमोर हात जोडून उभा राहिला होता. मग चेष्टा होती असं सांगायची कोणाची हिंमत झाली नाही. तेरवी म्हटल्यावर श्रद्धांजलीची भाषणं आलीच, आणि सर म्हटल्यावर भाषण मलाच करावं लागलं. मी म्हटलं, याडी मनमिळाऊ होती. कोणाला परकं मानायची नाही. वैऱ्यालाही आधी पाणी विचारायची. मी बोललो ते सगळं खरं होतं, आणि नेमकं त्याच सगळ्याचा मला तीन वर्षं वीट आला होता. पट्टीबंधक मान खाली घालून ऐकत होता. मी पानातली पुरी नुसती मोडत राहिलो. दुकानदाराला काही अडचण आली नाही.

जेवणं झाल्यावर पट्टीबंधकानं हात धुतले, कागद पिशवीतून काढून घडी करून खिशात ठेवला. दुकानदार म्हणाला, दुसरं पात्र घे ना, चांगला दणकट योद्धा घे. त्यानं मान हलवली. आता माझं काई काम नाई इथं, एवढंच तो बोलला आणि सायकलला टांग मारून गेला.

तिघांत खेळ चालेना. एकट्या तलवारवाल्याला आता लढायला पूर्ण मोकळीक होती, पण तो म्हणाला, मजा नाही येत. बायकोचा चोर एका रविवारी सबंध दुपार एकाच दारापुढं उभा राहिला. मी बहिऱ्या पहारेकऱ्याला कंटाळलो. मधल्या दिवसांत एकदा दवाखान्यावरून जाताना पट्टीबंधक दिसला. त्यानं बैलाची मान काखेत धरली होती, बैलाचा मालक काहीबाही विचारत होता, आणि हा नुसता मानेनं हो-नाही करत होता. मी गाडी थांबवून बघत राहिलो. हा माणूस आठवड्यातून तीन तास बोलायचा. ते तीन तास मी बंद केले होते, एका वाक्यानं, आणि त्याच्यापेक्षा नवं वाक्य खिशात ठेवून. मला स्वतःची लाज वाटली. तो परत यायला हवा होता, आणि याडीशिवाय तो येणार नव्हता.

मग मी जे केलं त्याची आणखी लाज वाटते. रविवारी दुकानात जाऊन फोन वर धरला आणि सांगितलं की कालच आतेभावानं दुसरी आवृत्ती पाठवली, आणि बघा तर काय, याडी मेलीच नाही.

दुकानदाराचा चेहरा उतरला. मला वाटलं होतं तसा त्याला आनंद होईना. जेवण झालं, हात धुतले, आता ती जिवंत कशी म्हणता, असं तो पुनःपुन्हा विचारायला लागला. ज्या बाईच्या तेरवीच्या पुऱ्या खाल्ल्या तिच्या मांडीला मांडी लावून बसायचं त्याला खरोखरच भय वाटत होतं. मग त्यानं धंद्यातला दाखला काढला. औषधाच्या डब्यात जी चिठ्ठी निघते तीच खरी. कंपनीनं मागाहून वेगळं छापलं तरी फवारलेलं पीक काही परत येत नाही. त्या रविवारी हातात जी वही होती, तिच्यानंच म्हातारी गेली.

बायकोला हे मुळीच मान्य नव्हतं. तिच्या मते दुसरी आवृत्ती म्हणजे शुद्धिपत्रक, आणि शुद्धिपत्रक वेगळं काही लिहिलेलं नसेल तर मूळ निर्णयाच्या तारखेपासूनच लागू होतं. तेव्हा याडी त्या रविवारी पडली होती आणि अजूनही पडलेलीच आहे, तीन पाळ्या व्हायच्या आहेत. राहिला प्रश्न तेरवीचा. तिनं तिथंच पावतीपुस्तकाच्या पाठीवर टिपण लिहिलं की शुक्रवारी झालेला कार्यक्रम तेरवी म्हणून न धरता सदस्यांचं स्नेहभोजन म्हणून धरण्यात यावा. आम्ही तिघांनी सह्या केल्या. दुकानदारानं सही करून वर विचारलं की श्रद्धांजलीच्या भाषणाचं काय. बायको म्हणाली, ते स्वागताचं भाषण समजावं.

हे टिपण आणि चौतिसाव्या पानाची प्रिंट घेऊन मी दवाखान्यात गेलो. पट्टीबंधक खुंटापाशी एका म्हशीच्या खुराला औषध लावत होता. मी उभ्यानंच सगळं वाचून दाखवलं. त्यानं पट्टीची गाठ मारली, हात धुतले, कागद घेऊन स्वतः वाचला. बराच वेळ वाचला. मग नोंदवहीकडे बोट केलं.

"मेलं असं आमाले लिवता येत नाई, सर," तो म्हणाला. "जनावर निपचित असलं तरी डॉक्टरसायेब येतवर आमी पडलं असंच लिवतो. ते येऊन पायतात, मंग मेलं."

मी म्हटलं, तसंच समज.

"मंग याडीले कोनं पायलं?"

कोणी नाही, मी म्हटलं. त्यानं कागद खिशात घातला आणि रविवारी येतो म्हणाला.

तो आला. मिश्यांचे खुंट वर आले होते. खिशातून याडीचा कागद काढून त्यानं मांडीवर पसरला. पिशवीत शिरलेल्या झेंडूचा एक डाग त्याच्यावर तसाच होता. मी बसल्या बसल्या सांगितलं की आपण पुलावर आहोत, याडी खाली पडलेली आहे, तीन पाळ्या शिल्लक आहेत. बायको म्हणाली, माझा चोर तिचा हात धरतो, आणि खरोखरचा हात पुढं केला. पट्टीबंधकानं तो धरला. याडी उठली.

उठल्या उठल्या तिनं पहिलं विचारलं की इतके दिवस माझ्या बैलांना चारा कोणी घातला. कोणी घातला नव्हता. अकरा बैल पाच आठवडे पुलाच्या अलीकडं उभे होते आणि आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातही ते आले नव्हते. ती त्यावर पाऊण तास बोलली. मी मनगटावरचं घड्याळ उलटं फिरवून ठेवलं आणि ऐकत राहिलो. मला बरं वाटत होतं.

मग ती तलवारवाल्याकडं वळली. माझ्या तेरवीत किती पुऱ्या खाल्ल्या, तिनं विचारलं. तो कावराबावरा होऊन म्हणाला, ते स्नेहभोजन होतं. किती, तिनं पुन्हा विचारलं. अकरा, तो म्हणाला. बैलाले एक-एक घातली असती तरी पुरली असती, याडी म्हणाली, आणि त्यानं खरोखर कान धरला.

चोराला तिनं विचारलं की तू तर माझ्या बाजूलाच होतीस, तेव्हा हात काहून नाही धरला. बायकोनं हातातलं पेन खाली ठेवलं. ती हळू आवाजात म्हणाली की सरांच्या वहीत तसं नव्हतं, असतं तर धरला असता. आणि असं म्हणताना तिनं माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं. सोळा वर्षं कागद हाताळणाऱ्या बाईला कोणता कागद कधी आला असेल याचा अंदाज येतो.

याडी माझ्याकडं वळली.

"तुले माहीत होतं का?" तिनं विचारलं.

बहिऱ्या पहारेकऱ्याकडून मी गदा उचलवू शकलो असतो. नियमाप्रमाणे आता त्याचीच पाळी होती.

"होतं," मी म्हटलं. "पुलाच्या आठ दिवस आधीपासून."

दुकानदार पोत्यांवरची छापील अक्षरं वाचायला लागला. पट्टीबंधकानं याडीचा कागद मांडीवरून उचलून बाजूला ठेवला. पुढं बोलला तो आवाज याडीचा नव्हता, त्याचा स्वतःचा होता, नेहमीचा, खालच्या पट्टीतला.

"एवढी जड झालती का जी ती तुमाले, सर?"

मी दोन आवृत्त्या वाचलेला माणूस. माझ्याकडं उत्तरं पुष्कळ होती. दोनशे पानं पुन्हा लिहायची होती, उन्हाळा लांब होता, याडीला तर फाशांनीच पाडलं होतं.

"हाव," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. समोरचे फासे गोळा केले, माझ्यापुढं सरकवले.

"मंग मले सांगाचं होतं नं, सर," तो म्हणाला. "कमी बोलली असती ती."